गोबरा कल्ले उघडतो तेव्हा

मासा घेताना कोळणीच्या तोंडाकडे बघायचं नाही, माशाच्या डोळ्यांत बघायचं. हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. डोळा पाणीदार आणि फुगीर असेल तर थांबायचं, आत गेलेला आणि दुधाळ असेल तर पुढच्या पाटीकडे जायचं. मग अंगठा घालून कल्ला उचलायचा. आत लालबुंद दिसलं तर मासा ताजा. विटकरी दिसलं तर शिळा, मग कोळीण पोराबाळांची शपथ घेऊन का सांगेना की आत्ताच बोटीतून उतरवलाय.

हे शिक्षण मला बाबांनी दिलं, दर रविवारी सकाळी, लालबागच्या मासळीबाजारात. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर पहारेकरी झाले. दोन्हीकडे त्यांचं मत कोणी विचारत नसे. बाजारात मात्र ते न्यायाधीश असत. पाटीसमोर उकिडवे बसून एकेका माशाची अशी उलटतपासणी करायचे की वरळी कोळीवाड्याहून येणारी आमची ठरलेली कोळीण वैतागायची. "अरे मालवण्या, मासा घेतोस का मुलगी बघायला आलायस?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "मुलगी पसंत आसा. डोळे तेवढे शिळे." दर रविवारी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि दर रविवारी ती तितक्याच जोरात हसायची. मी पिशवी धरून उभी असायची आणि मला दोघांचाही राग यायचा, कारण पाटीतलं पाणी माझ्या फ्रॉकवर उडायचं.

बाबांचं गाव मालवणच्या अलीकडे, अगदी किनाऱ्यावर. चौदाव्या वर्षी ते मुंबईला आले आणि मग समुद्र सुटला. मुंबईत समुद्र आहे की, असं कोणी म्हटलं तर ते ऐकून घेत. गिरगाव चौपाटीवर एकदा आम्ही भेळ खात होतो तेव्हा आईने विचारलं, समुद्राकडे पाठ करून का बसलात? ते म्हणाले, "ह्यां नुसता पाणी आसा." त्यांचा समुद्र म्हणजे ज्याचा तळ दिसतो तो.

त्या तळाची एक गोष्ट त्यांच्याकडे होती. एकच. लहानपणी ते मोठ्या माणसांबरोबर खडकांवरची कालवं काढायला जात. माघ-फाल्गुनात पाणी निवळशंख होतं. तेव्हा हे पोटाशी दगड धरून श्वास कोंडून खाली जायचे, दगड सोडला की आपोआप वर यायचे. एकदा खाली एका कपारीत त्यांना गोबरा दिसला. गोबरा म्हणजे जाड ओठांचा, थोराड अंगाचा, खडकाच्या घरात राहणारा मासा. हा दाराच्या फळीएवढा होता. त्याने तोंड आ करून उघडलं होतं आणि दोन्ही बाजूंचे कल्ले असे फाकवले होते की आतलं लाल दिसत होतं. आणि बोटाएवढे निळे मासे, काळी रेघ असलेले, त्या तोंडात शिरत होते, कल्ल्यातून बाहेर पडत होते, पुन्हा शिरत होते. गोबरा त्यांना खात नव्हता. डोळे फिरवत स्वस्थ पडून होता. बाबांचा श्वास संपला म्हणून ते वर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर पाणी गढूळ झालं होतं. त्या वर्षीच ते मुंबईला आले.

ही गोष्ट त्यांनी चाळीत किती वेळा सांगितली असेल! रविवारी जेवणं झाली की गॅलरीत पत्त्यांचा डाव बसायचा, आणि हरायला लागले की बाबा गोबऱ्यावर यायचे. सगळे कोकणातलेच, सगळे मासे खाणारे, पण विश्वास एकाचाही नाही. मोठा मासा लहान माशाला खातो, हे तर पोरासोरांना माहीत. "मालवणी गजाल," एक म्हणायचा, म्हणजे थाप. दुसरा म्हणायचा, "दाढी करायला आले असतील रे ते. गोबऱ्याचं सलून!" बाबासुद्धा हसायचे. पण मी त्यांची मुलगी, मला त्यांचं हसू ओळखता यायचं. ते खोटं होतं.

आणि मी? मीही विश्वास ठेवला नव्हता, हे सांगून टाकते. शाळेची सहल मत्स्यालयात जायची होती, माझी चुकली, म्हणून बाबा मला वेगळं घेऊन गेले. काचेसमोर लोक "अय्या, किती गोड" करत होते आणि आमचे बाबा मोठ्याने सांगत होते, "हेचा तिखला बरा लागता. ह्यो तळूचो. ह्येका हात लावू नको, काटो लागता." शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, जणू तिखल्याचा वास काचेतून आला. मी लाजेने मरत होते. एका टाकीत गोबरा होता, कोपऱ्यात मख्ख पडलेला. बाबा त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहिले. त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी मी म्हटलं, "बाबा, चला ना. तुमची थापच आहे ती." बाहेर आल्यावर त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आज चोपन्न आहे आणि ते वाक्य मला अजून परत घ्यायचं आहे.

चाळीचा आता टॉवर झाला. आम्हाला एकोणिसावा मजला मिळाला. आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यावर पुष्कळांनी पुष्कळ बोलून झालं आहे. तर घरात बाबा आणि मी. पूर्वेच्या खिडकीतून, समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून, शिवडीकडच्या खाडीची बोटभर पट्टी दिसते. बाबांनी आपली खुर्ची तिथे लावून घेतली. रोज सकाळी, माझी ऑफिसला जायची घाई चालू असताना, त्यांचा पहिला प्रश्न, "भरती काय सुकती?" मी डबा भरता भरता फोनवर बघून सांगायची. सुकती म्हणजे ओहोटी, पण ओहोटी म्हटलेलं त्यांना चालत नसे. बोटभर पाण्यात त्यांना काय कळायचं देव जाणे.

मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग माझ्या ऑफिसचं, मग आई गेली आहे हे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी वय झालं हे सांगायला शीवच्या हॉस्पिटलात तीन तास बसवलं! पण मासे शाबूत होते. बांगडा, सौंदाळा, मुडदुशी, लेपा, सगळ्यांची नावं तोंडावर. मला वाटायचं, एवढं राहिलं तरी पुष्कळ.

एका शनिवारी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "बाये, एक इचारू?"

"विचारा ना."

"तो गोबरो मी बघलंय काय गो? काय माका सपान पडलां?"

मी निवडायची थांबले. सत्तर वर्षं गॅलरीभर माणसं हसली तरी या माणसाने आपली गोष्ट सोडली नव्हती. आणि आता घरात हसणारं कोणी नसताना ती त्यांच्या हातून सुटत होती. ते माझ्याकडे बघत होते. खरंच विचारत होते. मला कळलं की आई गेल्याचं विसरणं त्यांना झेपेल, हे झेपणार नाही.

मी ताबडतोब फोन काढला. हल्ली सगळं मिळतं. एक भलाथोरला गोबरा, आ केलेलं तोंड, निळे चिमुकले मासे आतबाहेर. वाचून दाखवलं की हे मासे मोठ्यांच्या अंगावरचे किडे, घाण खाऊन पोट भरतात, म्हणून मोठे त्यांना खात नाहीत, उलट तोंड उघडून बोलावतात. "बघा! तुम्ही सांगत होतात तसंच. अक्षर न् अक्षर खरं." माझा आवाज चढला होता. पंचेचाळीस वर्षं उशिरा मी माझं वाक्य परत घेत होते.

बाबांनी बराच वेळ पडदा बघितला. "ह्यो खयचो?"

"ऑस्ट्रेलियाचा."

"मगे माका कित्याक दाखवतंस?" असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. "टीव्हीत काय पण दाखवतत. आमच्याकडचो खय आसा?"

त्यांना आपल्या खडकातला हवा होता. मी चिडले. म्हटलं, आता काय मी समुद्रात बुडी मारून बघून येऊ? ते एकदम उजळले. "येशीत?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मालवणला पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रतळाशी नेतात, हे मला माहीत होतं. पोहता आलं नाही तरी चालतं म्हणे. पण मला ते हात धरून पाच मिनिटं फिरवणं नको होतं. मला कपारी धुंडाळायच्या होत्या. म्हणून मी दादरच्या तरणतलावात बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. कोकणातली मी, समुद्राच्या काठची म्हणून मिरवणारी, आणि चार फूट पाण्यात दांडी सोडेना. शिकवणारी मुलगी विशीतली. "आँटी, दांडी सोडा. आँटी, पाणी तुम्हाला धरतं." मी मनात म्हणायची, पाण्याला सांग आधी. तीन महिने लागले. घरी आले की बाबा माझ्या ओल्या केसांचा वास घ्यायचे आणि नाक मुरडायचे. "ह्यां औषधाचा पाणी." पण केस पुसून दिल्याशिवाय राहायचे नाहीत.

फेब्रुवारीत शेजारणीला घरात ठेवून मी मालवणला गेले. आमच्या गावासमोरचेच खडक, बोटीने वीस मिनिटं. पाण्यात नेणारा माणूस चाळिशीचा, तिथल्याच मासेमाराचा मुलगा. मी आधीच सांगितलं, मला गोबरा बघायचाय, मोठा, कल्ले उघडलेला. तो म्हणाला, "मॅडम, गोबरे आसत. पण मोठे आता रवले नाय. जाळ्यांनी नेले." त्याने पाण्याखालच्या खुणा शिकवल्या. बोटांचं वर्तुळ केलं म्हणजे ठीक, अंगठा वर केला म्हणजे वर जाऊया. आणि कशालाही हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलं. मी मान डोलावली.

खाली गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो आपलाच श्वास. मग डोळे सरावतात. खडकांवर मऊ केसांची समुद्रफुलं डुलत होती. पिवळे-काळे पट्टेवाले मासे घोळक्याने माझ्या काचेपर्यंत आले, वळले, गेले. हिरवट-गुलाबी पोपटमासा चोचीने खडक कुरतडत होता आणि त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. वाळूत एक पाकट निजलं होतं, नुसते दोन डोळे आणि शेपटी बाहेर. कपारीतून शेवंडीच्या लांब मिशा हलत होत्या. आणि एका फटीतून सापासारखी वाम डोकं काढून तोंड उघडझाप करत होती, चावायला नाही, तिचा श्वासच तसा. मी एकेकाची नावं मनात घेत होते, आणि नावाबरोबर आपोआप त्याचं वाटणही येत होतं. काय करणार, आमची ओळख ताटातली. पण हे सगळे जिवंत होते. पन्नास वर्षं ज्यांना मी डोळे उघडे टाकून पाटीत पडलेलं बघितलं, ते आपापल्या कामाला निघाले होते. बाबांनी हे रोज बघितलं होतं, आणि चौदाव्या वर्षी उठून कापसाच्या धुळीत जाऊन उभे राहिले होते. पाण्याखाली रडता येत नाही असं नाही. काचेच्या आत साठत जातं.

तेव्हाच तो दिसला. म्हणजे मला वाटलं तो. एका सपाट खडकावर एक जाड ओठांचा, थोराड तोंडाचा मासा निपचित पडला होता. हातभरही नव्हता, रंग खडकाचाच, कातडीला झालरी लोंबत होत्या. हलेना, की पळेना. डोळा बघितला, जरा दुधाळ वाटला. आणि माझा उजवा हात पुढे झाला, अंगठा वर करून, त्याचा कल्ला उचलायला.

मनगटावर अशी पकड बसली की हाडं वाजली. त्या माणसाने मला मागे खेचलं आणि सरळ वर आणलं. बोटीत बसल्यावर तोंडातली नळी काढून तो ओरडला. तो विषारी काट्यांचा मासा होता, पाठीवरचा एक काटा लागला असता तर हात सुजून मी तिथेच आडवी झाले असते. "सांगलंलंय ना, हात लावू नको म्हणान? काय करीत होतात तुमी?"

मी म्हटलं, "कल्ला बघत होते."

वल्ह्यावर डोकं टेकून तो जो हसत सुटला तो किनाऱ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं त्याने मला, पण हात माझ्या मनगटावरून काढला नाही. आम्ही नऊ कपारी बघितल्या. गोबरे दिसले, वीतभर, बिचकून आत पळणारे. तोंड उघडून बसलेला एकही नाही.

परतीच्या गाडीत मी खोटं तयार केलं. सोपं होतं. गोष्ट पाठच होती, ती फक्त आपल्या तोंडाने सांगायची. पनवेल येईपर्यंत मी गोबऱ्याची लांबी ठरवली, निळ्या माशांची संख्या ठरवली. कोणाचं नुकसान नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला जाताना एवढं बरोबर नेता आलं तर बिघडलं कुठे?

बाबा खुर्चीतच होते. मी बॅगही ठेवली नाही. "बाबा, बघितला! तुमचाच. कपारीत, आ करून. निळे मासे आतबाहेर करत होते."

"हय ये," ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, आणि माझ्या डोळ्यांत बघू लागले. किती वर्षांनी बघितलं तसं. अंगठ्याने माझी खालची पापणी थोडी ओढली. मी नजर चुकवली.

"शिळां आसा," ते म्हणाले आणि हात काढून घेतला.

मला रडूच फुटलं. म्हटलं, नाही दिसला बाबा. नऊ कपारी बघितल्या. मग सगळं सांगितलं, पोपटमासा, पाकट, वाम, आणि तो काटेवाला. "डोळा दुधाळ वाटला म्हणून मी कल्ला उचलायला हात घातला. पाण्यात. जिवंत माशाचा."

बाबांच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते हसले, असे हसले की ठसका लागला, शेजारीण पाणी घेऊन धावली. "कल्लो बघूक गेलां!" ते तिला सांगत होते. "माझा चेडू दर्यात जावन कल्लो बघूक गेलां!" हे ते खोटं गॅलरीतलं हसू नव्हतं. हे मी ओळखत होते, पाटीसमोरचं.

शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "कधी उतरलंस? भरती होती काय सुकती?"

"सुकती. पाणी कमी असतं म्हणून त्यांनी तेव्हाच नेलं."

"थयच चुकलंस." आवाज एकदम जुना, गिरणीतून आल्यावर चप्पल काढता काढता बोलायचे तो. "सुकती सरान भरती लागता ना, पाणी उभ्या ऱ्हवता, घटकाभर. तेवाच तो तोंड उघडता. माका आता आठावला. मी वर इलंय तेवा पाणी लागलेला, कालवांची टोपली व्हावान गेलेली. बापाशीन मारल्यान माका." हे टोपलीचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं, आणि हरवलेल्या टोपलीसाठी खाल्लेला मार कोणाला स्वप्नात पडत नाही. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "बघलंय मी. खरांच बघलंय." मग म्हणाले, "तू परत जा. माका सांगूक ये."

मी मे महिन्यात जाणार होते. रजा मिळाली नाही. इन्शुरन्स ऑफिसात रजेसाठी गोबरा हे कारण चालत नाही. मग पावसाळ्यात समुद्र बंद झाला. मी म्हटलं, दिवाळीनंतर. बाबा रोज विचारत राहिले, भरती काय सुकती, आणि मी रोज सांगत राहिले. माझं नाव त्यांना जुलैपासून येत नव्हतं. श्रावणात शेजारणीने चुकून कोळंबीची खिचडी आणली तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "सरावन आसा," म्हणाले. श्रावण त्यांच्या लक्षात होता. त्याच श्रावणात, एका सकाळी, मी डबा भरत होते आणि खिडकीकडून प्रश्न आला नाही.

दिवाळीनंतर मी गेले. कोणासाठी जातेय, असं स्वतःला विचारलं आणि उत्तर न देता बॅग भरली. त्या माणसाला सांगितलं, भरती लागायच्या वेळी उतरायचं. त्याने आढेवेढे घेतले. मग "कोणी सांगलां?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाबांनी. तो तयार झाला.

पाणी खरंच उभं राहिलं. समुद्रफुलांचे केस, जे एका बाजूला झुकलेले होते, ते सरळ झाले. गेल्या वेळची चौथी कपार. त्या माणसाने माझं मनगट दाबलं आणि बोट दाखवलं. गोबरा होता. दाराच्या फळीएवढा नाही, माझ्या हातभर. तोंड आ केलेलं, दोन्ही कल्ले सताड उघडे, आत लालबुंद. बोटाएवढे दोन निळे मासे, काळ्या रेघेचे, एका कल्ल्यातून आत गेले, तोंडातून बाहेर आले, पुन्हा गेले. गोबऱ्याचा डोळा फिरून माझ्यावर आला आणि तिथेच थांबला. पाणीदार, फुगीर. मी हात पाठीमागे बांधून घेतले. मी ओरडले, नळीतून, बाबा असंच काहीतरी, आणि बुडबुड्यांचा लोट वर गेला. गोबरा दचकला नाही. मग समुद्रफुलं दुसऱ्या बाजूला झुकली, भरती लागली, आणि त्याने एकेक करून कल्ले मिटले.

रविवारी मी बाजारात गेले. आमची कोळीण थकली, आता तिची सून बसते, बाबांना चांगली ओळखणारी. मला कोणाला तरी सांगायचंच होतं. पाटीसमोर उकिडवी बसून मी तिला सगळं सांगितलं, तोंड, कल्ले, निळे मासे. तिने ऐकून घेतलं आणि शेजारच्या पाटीवालीला हाक मारली. "ऐकलंस काय गो? मालवण्याची पोर! बापासारख्याच थापा मारते." दोघी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"खरं सांगतेय. डोळ्यांत बघ माझ्या," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण ती हसायची थांबली. तिला वाटलं, माझ्या डोळ्यांत काही गेलं. तिने पदराला हात पुसला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं, पापणी ओढून बघितली.

"काय नाय गेलं गो," ती म्हणाली. "पाणी आहे नुसतं."

ऐकलंत ना बाबा, मी मनात म्हटलं.

मग मी बांगड्यांचा एक वाटा घेतला. एकटीला तो जास्तच होतो.